व्याज, ख्रिस्ती धर्मविचार आणि कळवणचें कूळ

द्रव्य उसनें देऊन त्यावर व्याज घेणें हें पाप आहे काय, असा प्रश्न आज कोणी गंभीरपणें विचारला तर ऐकणारे त्याच्याकडे नवलानें पाहतील. पेढींत ठेवलेल्या रकमेवर वर्षाअखेर व्याज जमा व्हावें, ही गोष्ट आपणां सर्वांस आषाढांत पाऊस पडावा इतकी स्वाभाविक वाटूं लागली आहे. तथापि ख्रिस्ती युरोपांतील मोठमोठे धर्मवेत्ते सुमारें चौदाशें वर्षें ह्या एका प्रश्नाशीं झगडत होते. आणि त्या झगड्याचा निकाल रोम, जिनीव्हा व लंडन येथल्या लोकांपुरताच राहिला नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत, गिरणेच्या वरच्या खोऱ्यांत वसलेल्या कळवण तालुक्यांतील कुळाच्या कणगीपर्यंत त्याचे परिणाम येऊन पोंचले. ही सांखळी कडीकडीनें जुळवून दाखवावी, आणि तींतून आजच्या सुशिक्षित गृहस्थानें घेण्यासारखें कांहीं निघतें काय तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

कळवण हा जुन्या बागलाणाचा भाग. सप्तशृंगीचा गड ह्याच तालुक्यांत आहे. गिरणेच्या कांठची जमीन बागाईत व कसदार. पश्चिमेकडील डोंगरपट्टींत कोकणा व भिल्ल लोकांची वस्ती, आणि उतारावर नागली व वरई ह्यांचीं शेतें. इ. स. १८६९ मध्यें नाशिक जिल्हा निराळा होईपर्यंत हा मुलूख खानदेशांत मोडत असे. अशा मुलुखांत कर्ज म्हणजे काय, हें समजण्यास मोठें अर्थशास्त्र नको. आषाढ उजाडला कीं कणगी रिकामी होते. शेतांत काम तर ऐन भरांत असतें. तेव्हां पोटाला धान्य उचलावें लागतें. हें उचललेलें धान्य सुगीला सवाईनें किंवा दिढीनें फेडावयाचें. चार पायली नेली तर सवाईनें पांच व दिढीनें सहा पायली माघारीं द्यावयाची. बोलण्यांत हा दर फारसा भयंकर वाटत नाहीं. परंतु मुदत पांच महिन्यांची धरली तर सवाई म्हणजे वर्षास शेंकडा ६०, आणि दिढी म्हणजे शेंकडा १२० पडते. शिवाय हें कर्ज नफ्याच्या धंद्यासाठीं नव्हे, जीव जगविण्यासाठीं काढलेलें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं व्याज निषिद्ध मानलें नाहीं. त्याला मर्यादा घातली. वसिष्ठानें मान्य केलेला दर महिन्यास ऐंशीवा हिस्सा, म्हणजे वर्षास शेंकडा १५. कौटिल्यानें हाच दर धर्म्य मानला. पण व्यापाऱ्यास महिन्यास शेंकडा ५, अरण्यांतून माल नेणारास १० व समुद्रावर जाणारास २० अशी चढती कमान लावली, कारण तेथें धोका अधिक. ह्यापलीकडे दामदुपटीचा नियम: सांचलेलें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होतां कामा नये. मनूनें धान्याच्या बाबतींत मात्र पांचपटीपर्यंत सूट दिली, आणि भुकेल्या माणसाचें कर्ज बहुधा धान्याचेंच असतें, हें सांगितल्याशिवाय हा गौरव पुरा होत नाहीं.

यहुदी धर्मशास्त्राचा मार्ग निराळा. त्या भाषेंत व्याजाला जो शब्द आहे त्याचा धातु ‘चावणें’ ह्या अर्थाचा आहे. आपल्या बांधवांतील गरिबाला द्रव्य किंवा धान्य दिलें तर त्यावर वाढ घेऊं नये, अशी आज्ञा जुन्या करारांतील तीन निरनिराळ्या ग्रंथांत आली आहे. त्याहूनही मनाला लागतात ते गहाणाविषयींचे बारीक नियम. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असेल तर सूर्यास्तापूर्वीं तें परत करावें, कारण रात्रीं त्याला दुसरें आवरण नाहीं. आणि जातें, किंवा जात्याची नुसती वरची तळीसुद्धां, गहाण घेऊं नये. कारण तें घेणें म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणें होय. जात्याची घरघर ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीयाला ह्या नियमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. सात वर्षांनीं ऋणमोचन आणि पन्नासाव्या वर्षीं विकलेल्या जमिनी मूळ कुटुंबाकडे परत, अशीही योजना त्या शास्त्रांत सांगितली आहे. ती कितपत अमलांत आली हा वाद असो; परंतु नहेम्याच्या ग्रंथांत शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण पडून मुलेंबाळें दास्यांत गेल्याची जी तक्रार आहे ती वाचतांना, हा प्रसंग जेरूसलेमचा कीं आपल्याकडील एखाद्या दुष्काळाचा, असा भास होतो.

ख्रिस्ती मंडळीनें हा वारसा घेतला व पुढें कडक केला. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या परिषदेनें महिन्यास शेंकडा एक व्याज घेणाऱ्या धर्मोपदेशकास पदच्युत करावें असें ठरविलें. त्याच शतकांत संत बेसिल व संत अँब्रोज ह्यांनीं सावकारांवर धार धरली. बेसिलानें ऋणकोसही सोडलें नाहीं: अंगावर असेल तें वीक, पण दुसऱ्याच्या दारीं कर्जाला जाऊं नको, असा त्याचा रोकडा उपदेश आहे. इ. स. ११७९ च्या लॅटरन परिषदेनें उघड सावकारी करणारास प्रभुभोजन व ख्रिस्ती दफन नाकारलें. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस ह्यानें ह्या निषेधाला तर्काचा पाया दिला. घर वापरलें तरी घर उरतें. म्हणून घराचें भाडें निराळें मागतां येतें. पैसा मात्र द्राक्षरसाप्रमाणें वापरतांच संपतो. तेव्हां पैसाही परत मागणें आणि त्याच्या वापराची किंमतही मागणें म्हणजे एकच वस्तु दोनदां विकणें होय.

हा युक्तिवाद आज पोकळ वाटेल. परंतु त्याच्या शेजारीं ठेवलेली दुसरी गोष्ट पाहिली म्हणजे त्यांतील मर्म कळतें. ह्याच धर्मशास्त्रानें भागीदारीचा नफा कधीं निषिद्ध मानला नाहीं. व्यापाऱ्याच्या जहाजांत पैसा घालून जहाज बुडालें तर आपलाही पैसा बुडेल, ही जोखीम जो पत्करतो त्यानें नफ्याचा वांटा खुशाल घ्यावा. निषेध होता तो दुसऱ्याचें पीक बुडो कीं बैल मरो, आपलें मुद्दल व वाढ बिनधोक पाहिजे, असा करार लिहून घेणाराचा. म्हणजे मध्ययुगीन धर्मवेत्त्यांचा खरा प्रश्न ‘दर किती?’ हा नव्हता. ‘तोटा आला तर तो कोणाच्या माथीं?’ हा होता.

ह्या निषेधाची दुसरी बाजूही लपवितां येत नाहीं. व्याजाला बंदी असली तरी गरज थांबत नाहीं. म्हणून खोटी विक्री, हुंडणावळ, दंड अशा नांवांखालीं व्याज घेणें सुरू झालें. संस्कृतांत ‘व्याज’ शब्दाचा अर्थच मुळीं निमित्त किंवा सोंग असा आहे. तो येथें शब्दशः खरा ठरला. दुसरें असें कीं परक्याकडून वाढ घेण्यास जुन्या करारांत मोकळीक असल्यामुळें, आणि इतर अनेक धंदे यहुद्यांस बंद केल्यामुळें, सावकारीचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें. राजे त्यांजकडून पैसा काढीत, ऋणको त्यांचा द्वेष करीत, आणि दंगल उसळली म्हणजे त्यांचींच घरें जळत. ह्या कोंडींतून वाट काढण्यासाठीं पंधराव्या शतकांत इटलींत फ्रान्सिस्कन साधूंनीं धर्मार्थ गहाणपेढ्या काढल्या. इ. स. १४६२ मध्यें पेरूजा येथें निघालेली पेढी ह्यांपैकीं प्रसिद्ध आहे. खर्चापुरतें अल्प व्याज घेणाऱ्या ह्या संस्थांस इ. स. १५१५ मध्यें लॅटरन परिषदेनेंच मान्यता दिली. निषेधाच्या भिंतीला पाडलेलें हें पहिलें दार. पण तें गरिबाच्या सोयीसाठीं पाडलेलें होतें.

दुसरें दार कॅल्व्हिनानें उघडलें. ल्यूथर सावकारीवर तुटून पडत असे. परंतु जिनीव्हासारख्या व्यापारी नगरांत राहणाऱ्या कॅल्व्हिनानें इ. स. १५४५ मध्यें एका पत्रांत असें मत दिलें कीं सर्वच व्याज पाप नव्हे. मात्र त्यानें अटी घातल्या: गरजवंत गरिबाकडून व्याज घेऊं नये, ऋणकोस त्या पैशांतून निदान तितकाच लाभ झाला पाहिजे, कायदा परवानगी देतो तेवढ्यानें न्याय झाला असें मानूं नये. पुढील तीनशें वर्षांचा इतिहास एका वाक्यांत सांगावयाचा तर तो असा, कीं परवानगी सर्वत्र पोंचली आणि अटी जिनीव्हांतच राहिल्या. इंग्लंडांत इ. स. १५४५ मध्येंच शेंकडा १० पर्यंत व्याजास कायद्यानें मुभा मिळाली. मध्यंतरीं ती काढून घेऊन १५७१ मध्यें पुन्हां दिली गेली, आणि मर्यादा उतरत उतरत १७१४ मध्यें शेंकडा ५ वर आली. रोममध्यें पोप चौदावा बेनेडिक्ट ह्यानें १७४५ मध्यें जुना सिद्धान्त पुन्हां एकवार मांडला; पण कालौघ उलट दिशेनें वाहत होता. इ. स. १७८७ मध्यें बेंथॅमनें व्याजाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहून, दोन शहाण्या माणसांच्या करारांत सरकारानें पडूं नये, असें प्रतिपादन केलें. १८५४ मध्यें इंग्लंडानें व्याजमर्यादेचे सारे कायदे रद्द केले.

आतां सांखळीची पुढली कडी पाहा. इंग्लंडांत कायदा रद्द झाल्यावर पुढच्याच वर्षीं, १८५५ च्या २८ व्या कायद्यानें, हिंदुस्थानांतील व्याजमर्यादाही उठविण्यांत आली. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या रेग्युलेशनानें शेंकडा १२ ही कमाल मर्यादा घातली होती, ती गेली. उभयतांनीं ठरविला असेल तो दर दिवाणी कोर्टानें मान्य करावा, असें झालें. हिंदूंमधील व्यवहारांत दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं चालू ठेवला, हें खरें. पण मुदत भरण्यापूर्वीं जुना रोखा फाडून व्याजासुद्धां नव्या मुद्दलाचा रोखा लिहून घेतला म्हणजे तो नियम चुकवितां येत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावर तीनच वर्षांची मुदत ठेविली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा झाला कीं दर तीन वर्षांनीं नवा रोखा होऊं लागला. त्यांतच नव्या जमाबंदीनें जमिनीचा हक्क विकतां व गहाण टाकतां येऊं लागला, आणि सारा रोख पैशांत व ठरल्या हप्त्यास भरावा लागूं लागला. ज्या विंगेटानें ती जमाबंदी बसविली त्यानेंच १८५२ मध्यें सरकारास कळविलें होतें कीं पूर्वीं सावकार व कूळ एकमेकांच्या आधारानें वागत. आतां कोर्टाचें बळ एकाच्याच हातीं गेलें आहे.

लंडनचा व्यापारी व कळवणचा कोकणा कुणबी हे दोघेही ‘करार करणारे शहाणे पुरुष’ अशा एकाच मापानें मोजले गेले. एकाला कर्ज न मिळालें तर नफा कमी होई. दुसऱ्याला न मिळालें तर चूल पेटत नसे. ज्या धर्मविचारानें जातें गहाण घेण्यास मनाई केली होती, त्याचे अनुयायी म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनीं हा भेद पुसून टाकावा, ही इतिहासाची विलक्षण विपरीतता होय.

ह्याच सुमारास नाशिक शहराजवळ चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस ह्या मिशनऱ्यानें शरणपूर हें ख्रिस्ती गांव वसविलें. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें आणून त्यांस सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. लिव्हिंग्स्टनच्या देहाबरोबर १८७४ मध्यें इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट ह्याच शाळेंत शिकला होता. विकत घेतलेल्या माणसाला गुलाम म्हणून ओळखणारी ही करुणा, रोख्यानें बांधलेल्या माणसाला गुलाम म्हणून ओळखूं शकली नाहीं. शेजारच्या ठाणें जिल्ह्यांत लग्नापुरते पैसे उचलून जन्मभर सावकाराच्या शेतावर राबणारा ‘लग्नगडी’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता, आणि वेठबिगारी बंद करणारा कायदा ह्या देशांत १९७६ मध्यें झाला.

परिणाम दिसण्यास वीस वर्षें पुरलीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. रोखे हिसकावून जाळावे, एवढेंच बहुतेक ठिकाणीं घडलें. येथेंही, युरोपांतल्याप्रमाणेंच, राग मुख्यतः परप्रांतीय सावकारावर निघाला. ज्या कायद्यानें व साऱ्याच्या हप्त्यानें त्याला बळ दिलें तो कायदा कोणाच्या हातीं सांपडण्याजोगा नव्हता. चौकशी होऊन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. ह्या कायद्याचा मुख्य भाग प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चारच जिल्ह्यांस लागू होता. नाशिक त्यांत नव्हतें. १८७८ मध्यें नाशिकास न्यायाधीश असलेल्या रानड्यांकडे पुढें ह्या कायद्याच्या अंमलाचें काम आलें, आणि जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सावकार, कोर्ट व कारकून ह्यांची सांगड उघडी केली.

कायद्यानें सावकारास आवर घातला. पण आषाढांतल्या रिकाम्या कणगीला त्यानें काय दिलें? तिचें उत्तर जर्मनींतील एका खेडवळ पाटलाच्या हातून आलें. फ्रीड्रिख रायफायझेन हा श्रद्धाळु प्रॉटेस्टंट गृहस्थ १८४६–४७ च्या दुष्काळांत वायरबुश येथें बर्गोमास्टर होता. त्यानें प्रथम श्रीमंतांच्या दानावर धान्याची मदत सुरू केली. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं दान देणारा थकतो आणि घेणारा मिंधा होतो. म्हणून १८६४ मध्यें हेडेसडोर्फ येथें त्यानें ऋणकोंचीच पतपेढी उभारली. तिचे नियम थोडे व कडक होते: क्षेत्र एका गांवापुरतें, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाची खरी स्थिति ठाऊक, सर्वांच्या कर्जास सर्वजण आपल्या सर्वस्वानिशीं जबाबदार, कारभाऱ्यास पगार नाहीं, शिल्लक कोणास वांटावयाची नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करावी ही आज्ञा त्यानें अशी वहीखात्यांत उतरविली. ह्या पेढींत व्याज होतें. परंतु शेजाऱ्याचा तोटा हा आपलाही तोटा होता. बेसिल व अक्वायनस ह्यांचा जुना प्रश्न येथें पुन्हां जिवंत झाला.

रानडे व वेडरबर्न ह्यांनीं १८८० नंतर पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना सरकारपुढें मांडली होती. ती तडीस गेली नाहीं. फ्रेडरिक निकल्सन ह्यानें युरोपांत हिंडून १८९५ व १८९७ मध्यें मद्रास सरकारास अहवाल सादर केला; हिंदुस्थानानें आपला रायफायझेन शोधावा, हें त्याचें सार. १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, व मुंबई इलाख्यांतील पहिली शेतकी पतपेढी १९०५ मध्यें धारवाड बाजूस कणगिनहाळ येथें निघाली. ख्रिस्ती समाजांतही ही शिकवण रुजली. रांचीस जर्मन जेझुइट फादर हॉफमन ह्यानें १९०९ मध्यें मुंडा व उरांव आदिवासींसाठीं पतपेढी काढली. पहिल्या महायुद्धांत जर्मन म्हणून त्याला हा देश सोडावा लागला, पण पेढी टिकली. आपल्या वसईंत मॉन्सिन्योर मोनीस ह्या धर्मगुरूनें १९१८ मध्यें स्थापिलेली कॅथॉलिक सहकारी पेढी आज मोठी बँक झाली आहे. म्हणजे १८५५ चा कायदा आणि १९०४ चा कायदा हीं एकाच धर्मविचाराचीं दोन दूरचीं फळें होत: एकांत अटी गळून परवानगी तेवढी आली, दुसऱ्यांत त्या हरवलेल्या अटी पन्नास वर्षांनीं परत आल्या.

परत आल्या, पण डोंगरापर्यंत सहज चढल्या नाहींत. पतपेढी जमिनीच्या उताऱ्यावर कर्ज देते, आणि पेरणीसाठीं देते. पोटासाठीं देत नाहीं. १९४६ च्या सावकारी कायद्यानें मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास मनाई करून दामदुपट सर्वांस लागू केली. १९७२ मध्यें नाशिक येथें मुख्य कचेरी असलेलें आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पावसाळ्यांतील टंचाईसाठीं ‘खावटी’ कर्जाची योजना निघाली. नांवच पाहा: खाण्यासाठीं दिलेलें कर्ज. जें धान्य दिढीनें उचलावें लागे त्याच्यासाठीं सरकारी कागदावर शब्द निर्माण व्हावा, ह्याला शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

हा सर्व इतिहास मध्यमवर्गीय कुटुंबास दुरून पाहण्यासारखा वाटेल. तसें तें नाहीं. आज आपण प्रत्येकजण एकाच वेळीं ऋणकोही आहों आणि सावकारही आहों. घराचे हप्ते आपण फेडतों, आणि त्याच बँकेंत आपली मुदतठेव असते. त्या ठेवीवर जमा होणारें व्याज कोणीतरी कोठेंतरी भरीत असतो. त्याचें पीक बुडालें कीं कांद्याचा भाव पडला, हें आपणांस कळत नाहीं, कळण्याची सोयही नाहीं. मध्ययुगींचा सावकार निदान ऋणकोचें तोंड पाहत असे. मोबाइलवरील ॲपवरून क्षणांत मिळणाऱ्या कर्जांत तर दोन्हीं बाजूंस माणूस दिसत नाहीं. लहान कर्जें देणाऱ्या संस्थांच्या व्याजावरील मर्यादा रिझर्व्ह बँकेनें २०२२ मध्यें उठविली. १८५५ ची आठवण व्हावी असें हें पाऊल. परंतु त्याबरोबरच कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जातां कामा नये, असेंही तिनें ठरविलें. दराचा प्रश्न सोडून ‘घरांत काय उरतें?’ हा प्रश्न विचारणें म्हणजे कळत नकळत त्या जात्याच्या नियमाकडे परतणें होय. आपल्या दिवाणी कायद्यांतही शेतकऱ्याचे बैल, औतें व बियाणें जप्तींतून वगळलीं आहेत. तोही त्याच कुळांतला नियम आहे.

कोणी म्हणेल, जोखीम घेतल्यावांचून व्याज घेऊं नये असें म्हटलें तर पेढ्या बंद पडतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. धंद्यासाठीं दिलेलें कर्ज व भुकेसाठीं दिलेलें कर्ज ह्यांस एक माप लावूं नये, आणि तोटा आला असतां तो सर्वस्वीं दुबळ्याच्याच माथीं मारूं नये, एवढेंच हा दीर्घ वाद शिकवितो. पतपेढीच्या वार्षिक सभेस जाऊन, आपला पैसा कोणास व कोणत्या अटींवर दिला जातो हें विचारणें, हें आजच्या ठेवीदाराच्या हातांतलें काम आहे. लाभांश किती, एवढेंच विचारून आपण परततों.

ख्रिस्ताच्या प्रार्थनेंत क्षमा मागतांना मत्तयानें जो शब्द योजिला आहे त्याचा अर्थ ‘ऋणें’ असाच आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीं तो तसाच ठेवला. देहूच्या वाण्याच्या घरीं सावकारी होती, आणि तुकोबांनीं आपल्या वाट्याचीं खतें इंद्रायणींत सोडलीं, असें परंपरा सांगते. सर्वांनींच खतें बुडवावीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु खत लिहितांना समोरच्या घरांतलें जातें उद्यां फिरेल कीं नाहीं, हें पाहणें कोणालाही अशक्य नाहीं.